शनिवार रात्रीचं मासिक

आमच्या गॅरेजमध्ये स्नो ब्लोअरच्या मागे मासिकांची चार खोकी आहेत. पुण्या-मिरजेत असतो तर एव्हाना रद्दीवाल्याने काटा लावून नेली असती. इथे शिकागोच्या उपनगरात रद्दीवाला येत नाही, त्यामुळे ती सत्तावीस वर्षं साठत गेली. नवरा दर वसंतात त्यांच्याकडे पाहून म्हणतो, "ही वाचणार कधी?" मी म्हणते, "रिटायर झाल्यावर." मग तो निमूटपणे झाडू मारायला लागतो.

त्या खोक्यांत बहुतेक 'सायंटिफिक अमेरिकन' आहे. १९९८ साली इथे आल्यावर पहिल्या दोन-तीन पगारांत मी जे काही विकत घेतलं, त्यात त्याची वर्गणी होती. मिरजेच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अण्णांची मी मुलगी. त्या मासिकाचं नाव आमच्या घरी आदराने घेतलं जायचं आणि अंक मात्र कुणी पाहिलेला नव्हता. तो दर महिन्याला माझ्या टपालपेटीत पडणार, या कल्पनेनेच मला भरून आलं होतं. पहिले तीन अंक मी अक्षरशः पेन्सिल घेऊन वाचले. चौथ्याचे दोन लेख. पाचव्याचं मुखपृष्ठ. त्यानंतर नोकरी, बाळंतपण, घराचे हप्ते. अंक येत राहिले, खोकी भरत राहिली.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच झालं असणार. फार तर मासिकाचं नाव वेगळं असेल. म्हणून या दिवाळीच्या निमित्ताने एक साधाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते: परीक्षा नाही, नोकरीची गरज नाही, नुसतं सोफ्यावर पाय वर घेऊन वाचायचं, तर विज्ञानाचं कुठलं मासिक घ्यावं? मला याचं उत्तर पंचवीस वर्षं सापडलं नव्हतं. सापडलं ते अण्णांच्या डोळ्यांमुळे.

अण्णांचा रविवार

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. २०२२मध्ये त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालल्याचं कळलं. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे पाहावं तिथेच डाग. म्हणजे चालता येतं, चहा ओतता येतो, समोर कोण आलंय ते आवाजावरून कळतं, पण अक्षर लागत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर वाचलं, त्याचं नेमकं वाचनच गेलं.

त्याचा परिणाम आमच्या फोनवर झाला. आधी ते काहीतरी वाचलेलं सांगायचे, मी भांडायचे, अर्धा तास जायचा. आता "जेवलीस का?", "हवा कशी आहे?", "गुडघा कसा आहे?" एवढ्यावर तीन मिनिटांत फोन संपू लागला. एकदा त्यांनी मला हवा दोनदा विचारली. त्यांनाच ते जाणवलं आणि ते गप्प झाले. मला ती शांतता सहन झाली नाही. समोर टेबलावर अंक पडला होता. मी म्हटलं, "अण्णा, एक गंमत वाचली, सांगू?" प्रत्यक्षात वाचली नव्हती. बोलता बोलता वाचायला लागले.

तेव्हापासून आमचा शिरस्ता पडला. इथे शनिवारी रात्री नऊ, तिथे रविवारी सकाळी साडेसात. (थंडीत इथली घड्याळं मागे गेली की साडेआठ, आणि त्यांची आंघोळ होऊन गेलेली असते.) मी एक लेख मराठीतून सांगायचा, त्यांनी ऐकायचा. आणि पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की मी वाचते ते बरंचसं मला सांगताच येत नाहीये. चार ओळी गेल्या की अण्णा विचारत, "पण हे त्यांना कळलं कसं?" मी पानावर शोधायची. कधी उत्तर असायचं, कधी नसायचं. नसलं की अण्णा म्हणायचे, "मग ही बातमी झाली. विज्ञान कुठाय?"

लायब्ररीतल्या दुपारी

मग मी शहाण्या गिऱ्हाइकासारखी निघाले. चार शनिवार दुपारी गावच्या लायब्ररीत बसले आणि मिळतील ती मासिकं चाळली. हा उद्योग फुकट आहे, आणि कुठलीही वर्गणी भरण्याआधी करावा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. लायब्ररीचं कार्ड असेल तर 'लिबी' या ॲपवर पुष्कळ मासिकं फोनवरही वाचता येतात. कुठली, ते आपापल्या लायब्ररीवर अवलंबून.

'सायंटिफिक अमेरिकन' सगळ्यांची आजी. २८ ऑगस्ट १८४५ला रूफस पोर्टर नावाच्या गृहस्थाने ते साप्ताहिक म्हणून काढलं, तेव्हा त्यात पेटंटांच्या आणि नव्या यंत्रांच्या बातम्या असत. आपण ज्याला ओळखतो ते दिमाखदार मासिक १९४८ नंतरचं. मार्टिन गार्डनर यांचं गणिताचं सदर यातच सुमारे पंचवीस वर्षं चाललं. त्यांची पदवी होती तत्त्वज्ञानाची, आमच्याच शिकागो विद्यापीठातली. जॉन कॉनवे यांचा 'गेम ऑफ लाइफ' जगाला माहीत झाला तो या सदराच्या ऑक्टोबर १९७०च्या लेखातून. गणिताची पदवी नसलेला माणूस ते सदर इतकी वर्षं कसं लिहू शकला? त्याला स्वतःला समजेपर्यंत तो थांबायचा, म्हणून वाचकाला समजायचं. लेख लांब असतात, आणि दमून आलेल्या शुक्रवारी ते झेपत नाहीत, हेही खरं.

'न्यू सायंटिस्ट' १९५६पासूनचं लंडनचं साप्ताहिक. खुसखुशीत, ताजं, भरपूर विषय. त्यातलं एक सदर मला फार आवडतं: वाचकच प्रश्न विचारतात आणि वाचकच उत्तरं देतात. पण साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला पाहुणा. पहिला चहा घेऊन उठायच्या आत दुसरा दारात. तुमचं वाचन नियमित नसेल तर या ढिगाचं दडपणच येतं.

'सायन्स न्यूज' १९२२ साली बातमीपत्र म्हणून सुरू झालं आणि आजही त्याचा पिंड तोच आहे. छोट्या, नेमक्या बातम्या. डॉक्टरकडे थांबलेलं असताना उत्तम. 'अमेरिकन सायंटिस्ट' त्याच्या उलट: दोन महिन्यांनी एकदा येतं आणि त्यात बरेच लेख संशोधक स्वतः लिहितात. भाषा थोडी जड, पण माणूस आपल्या आयुष्यभराच्या कामाबद्दल बोलत असतो, त्याची ऊब असते. 'डिस्कव्हर' १९८०चं, हलकं आणि रंगीत.

'नॅशनल जिओग्राफिक' तर सगळ्यांना माहीत आहे. एका गॅरेज सेलमध्ये मला त्याचा ऑगस्ट १९७६चा अंक मिळाला, मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोतल्या डोंगरांवर हिवाळा कुठे काढतात ते पहिल्यांदा जगाला सांगणारा. अण्णांना तो लेख मी दोन रविवार पुरवला. पण एरवी या मासिकाचा जीव त्याच्या फोटोंत, आणि फोटो फोनवरून सांगता येत नाहीत. 'स्काय अँड टेलिस्कोप'मध्येही अशीच अडचण आली. त्यातला ताऱ्यांचा नकाशा इथल्या अक्षांशासाठी. इथे ध्रुव ४२ अंशांवर, मिरजेत जेमतेम सतरावर. अण्णा म्हणाले, "तुझं आकाशसुद्धा परदेशी झालं की."

आणि 'पॉप्युलर सायन्स'ची गोष्ट थोडी उदास करणारी. १८७२पासून चाललेल्या या मासिकाची कागदी आवृत्ती २०२१मध्ये थांबली आणि २०२३मध्ये अंक काढणंच बंद झालं. संकेतस्थळ उरलं. आवडतं मासिक आज आहे म्हणून उद्या असेलच, असं काही नाही.

तीन कसोट्या

या चार दुपारींतून आणि अण्णांच्या प्रश्नांतून माझ्या तीन कसोट्या तयार झाल्या.

पहिली कसोटी: आपल्या धंद्यातला लेख आधी वाचावा. मी पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात काम करते. शिकागोत घराघरांना पाणी नेणाऱ्या शिशाच्या नळ्या सुमारे चार लाख आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. एका मासिकात (नाव नको) या विषयावर लेख होता. नळ्या जुन्या झाल्या, म्हणून शिसं पाण्यात उतरतं, असं त्यात लिहिलेलं. अर्धवट. आम्ही पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालतो, त्याचा नळीच्या आतून पातळ थर बसतो आणि पाणी शिशाला शिवत नाही. फ्लिंट गावात २०१४मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळ्या सांभाळणारं रसायन घातलंच नाही, म्हणून अनर्थ झाला. नळ्या त्या आधीही जुन्याच होत्या. दुसऱ्या एका मासिकात नेमकं हेच, चार परिच्छेदांत, स्वच्छ समजावलं होतं. मी मनात म्हटलं, जे मला माहीत आहे ते हे नीट सांगतात, तर जे मला माहीत नाही तेही बरं सांगत असतील. तुम्ही डॉक्टर असा, बँकेत असा, शेतीतले असा, ही परीक्षा तुम्हालाही घेता येईल.

दुसरी कसोटी अण्णांची: "हे त्यांना कळलं कसं?" चांगल्या लेखात निष्कर्षाइतकीच वाटही असते. कुणी मोजलं, कशाने मोजलं, कुठे चुकलं, कुणाला हे पटलेलं नाही. "शास्त्रज्ञ म्हणतात" एवढ्यावर भागवणारा लेख म्हणजे "लोक म्हणतात" एवढ्यावर भागवणारी शेजारीण.

तिसरी कसोटी माझी: अंक मिटून ठेवल्यावर ते आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगता येतं का? इथे माझी फजिती सुरुवातीला खूप झाली. तीस वर्षं इंग्रजीतून काम केल्यावर 'प्रेडेटर'ला मराठी शब्द सुचेना. अण्णा शांतपणे म्हणाले, "भक्षक म्हण." 'एन्झाइम'ला विकर. 'प्राइम नंबर'ला मूळ संख्या. 'नायट्रोजन' म्हटलं की ते अजून "नत्र" अशी पुस्ती जोडतात. मला वाटत होतं, मी त्यांना वाचून दाखवतेय. हळूहळू उमगलं की माझीच शिकवणी चालू आहे, आणि फी म्हणून मी लेख देते.

सतरा वर्षांचे किडे

तिन्ही कसोट्यांना उतरलेला लेख कसा असतो, त्याचं एकच उदाहरण देते. गेल्या वर्षी, २०२४च्या मे-जूनमध्ये, इलिनॉयमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने ते कानांनी अनुभवलं आहे. सिकाडा! आपल्या रातकिड्यासारखा किरकिरणारा, पण दिवसाढवळ्या, लाल डोळ्यांचा, आणि लाखोंच्या संख्येने. आमच्या अंगणातल्या ओकवर इतके होते की फोनवर अण्णांना विचारावं लागलं नाही. "गिरणी चालू आहे का गं?" त्यांनीच विचारलं.

मी लेख उघडला. उत्तर इलिनॉयमधल्या या किड्यांची पिल्लं सतरा वर्षं जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस पीत राहतात. सतराव्या वसंतात माती सुमारे १८ अंश सेल्सिअसला तापली की सगळी एकदम वर येतात, कात टाकतात, गातात, अंडी घालतात आणि काही आठवड्यांत मरतात. राज्याच्या दक्षिण भागात तेरा वर्षांनी येणारी दुसरी जमात आहे. २०२४मध्ये दोन्ही एकाच वेळी आल्या.

"तेरा आणि सतरा," अण्णा म्हणाले. "गुणाकार दोनशे एकवीस. म्हणजे याआधी अठराशे तीन."

लेखात तेच साल होतं, १८०३. मी ते वाचायच्या आत त्यांनी सांगितलं होतं. वर म्हणाले, "असईच्या लढाईचं वर्ष. तिकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजा वेलस्लीपुढे हरत होत्या, तेव्हा तुझ्या अंगणात हे ओरडत असणार. आणि पुढच्या वेळी दोघे एकत्र येतील बावीसशे पंचेचाळीसमध्ये."

मग त्यांचा नेहमीचा प्रश्न. "पण तेरा आणि सतराच का? दोन्ही मूळ संख्या आहेत." लेखात त्यावर एक तर्क दिला होता. किडा बारा वर्षांनी येत असता, तर दर दोन, तीन, चार किंवा सहा वर्षांनी ज्यांची संख्या वाढते अशा सगळ्या भक्षकांच्या तावडीत प्रत्येक खेपेला सापडला असता. सतरा वर्षांच्या किड्याची आणि चार वर्षांच्या भक्षकाची गाठ मात्र अडुसष्ट वर्षांनी एकदाच पडते. पुढे लेखकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की हा तर्क सुंदर आहे, सिद्ध झालेला नाही. एवढं मात्र नक्की की सगळे एकदम आल्यामुळे पक्ष्यांची पोटं भरतात आणि तरी किडे उरतात.

"आणि अंधारात वर्षं मोजतात कशी?" यावर तर एक छान प्रयोग निघाला. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे संशोधकांनी पंधरा वर्षांची पिल्लं पीचच्या झाडांच्या मुळाशी सोडली आणि त्या झाडांना एकाच वर्षात दोनदा बहर आणवला. किडे एक वर्ष आधीच बाहेर आले. म्हणजे ते वर्षं मोजत नव्हते, झाडाचे बहर मोजत होते, मुळांतल्या रसाच्या बदलावरून.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाले, "आंधळ्याने मोजायची हीच रीत. मीही आता रविवार मोजतो."

मी त्यावर काहीच बोलले नाही. बोलता आलं नाही. ओकवर गिरणी चालूच होती.

तर मग कुठलं घेऊ?

वाचकांना शेवटी नाव हवं असतं, आणि मला ते टाळायचं नाही. मी सध्या एकच कागदी मासिक घेते, 'सायंटिफिक अमेरिकन'. खोक्यांत पडलेलंच पुन्हा, कारण त्यातला एक लांब लेख रविवारच्या तासाला बरोबर पुरतो. 'न्यू सायंटिस्ट' लायब्ररीतून, ढीग न लावता. गणित आणि भौतिकशास्त्रासाठी सायमन्स फाउंडेशनचं 'क्वांटा', जे इंटरनेटवर फुकट आहे आणि ज्याला २०२२मध्ये पुलित्झर मिळालं. तुमचं उत्तर वेगळं असेल. आधी वर्षाची वर्गणी भरू नका, लायब्ररीत तीन अंक पुरे वाचा. एकच घ्या. आणि वर्गणी आपोआप नूतन होण्याची खूण काढून टाका. एका मासिकाने पहिल्या वर्षीच्या दुप्पट रक्कम माझ्या कार्डावरून न विचारता वळती केली होती, ते मला चार महिन्यांनी कळलं.

मराठीतलं विसरू नका. अण्णांच्या शाळेत १९२८पासून निघणारं 'सृष्टिज्ञान' यायचं आणि मराठी विज्ञान परिषदेची पत्रिकाही. आपल्या भाषेत नत्र, विकर आणि भक्षक जिवंत राहिले ते अशा अंकांमुळे. यंदाच्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले, त्या रविवारी मी अंक उघडलाच नाही. अण्णाच बोलत होते. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून. अण्णांनी ती गोष्ट पूर्ण तासभर सांगितली, वर्गात सांगावी तशी. मी फक्त "हं" म्हणत होते.

परवा बोस्टनहून लेकीचा फोन आला. शनिवारी रात्री आपल्यालाही फोनमध्ये घे म्हणाली, आजोबा काय विचारतात ते ऐकायचंय. तिचं मराठी मोडकं आहे, पण अण्णांना चालतं. गेल्या आठवड्यात तिने त्यांना सांगितलं की २००७मध्ये ती सहा वर्षांची असताना तिने सिकाडांच्या काती बुटांच्या खोक्यात भरून ठेवल्या होत्या.

"आता आमच्याकडचे पुन्हा कधी?" अण्णांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"दोन हजार एक्केचाळीस," ती म्हणाली.

"तेव्हा तू चाळिशीची असशील. आईचे डोळे तेव्हा कसे असतील कोण जाणे. तू वाचून सांग हो तिला. मराठीतून."

"सांगेन, आजोबा."

गॅरेजमधली खोकी मी आता टाकणार नाही.